मला शेणात पुरू नये

मी, गुंजन बंडूजी साटोणे, वय सत्तावीस, शिक्षण बी.एस्सी., व्यवसाय गोल्फ खेळणे, राहणार वडनेर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, बाबांच्या दुकानावरच्या माझ्या खोलीत बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. उजव्या कानाने मला ऐकू येत नाही, बाकी शरीर धड आहे. मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. मी हे भीतीपोटी लिहीत आहे, एवढे मात्र लपवत नाही. भीती हा दबाव धरला जातो का, असे मी वकील प्रभाकररावांना विचारले. ते म्हणाले, "स्वतःची भीती चालते. दुसऱ्यानं घातलेली चालत नाही." तेव्हा भीतीसकट हा लेख वैध आहे असे मी धरून चालते.

माझे लग्न झालेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. सत्ताविसाव्या वर्षी ते करायची काय गरज, असे आईने विचारले आणि ती रडली. गरज अशी आहे. पुढच्या महिन्यात कोलकात्याला स्त्रियांची व्यावसायिक गोल्फ स्पर्धा आहे आणि मी जाणार आहे. उघड्या मैदानावर, पावसाळ्यात, हातात लोखंडी काठी घेऊन चालणे हा माझा धंदा आहे. माझ्यावर एकदा वीज पडली आहे. परत पडणार नाही असे कोणी लिहून देत नाही.

दुसरी गरज जास्त मोठी आहे. वडनेरात वीज पडलेल्या माणसाला, अंगातला करंट उतरून तो शुद्धीवर यावा म्हणून, शेणात पुरतात. ते करू नका हे मी दोन वर्षे घरी, दुकानात आणि ग्रामपंचायतीच्या सत्कारात सांगून पाहिले. जिवंत पोरीचे कोणी ऐकत नाही. पण मेलेल्याची लेखी इच्छा मोडायला आमच्या गावात लोक घाबरतात. म्हणून मी मृत्युपत्राचा मार्ग धरला. प्रभाकररावांनी यातली अडचण दाखवली. "मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, बाई. शेणात पुरू नका ही इच्छा तेव्हा वाचून काय कामाची?" म्हणून हा लेख मी आजच, सही करण्याआधी, घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचणार आहे.

कलम १. माझी माणसे. माझे वडील बंडूजी यांचे वडनेरला हमरस्त्यावर ट्रकचे ऑइल बदलण्याचे दुकान आहे. आई शोभाबाई. धाकटी बहीण सपना, वय सतरा, बारावीत आहे. बाबांचे मोठे भाऊ भैयाजी, म्हणजे आमचे मोठेबाबा, शेजारच्या घरात राहतात. त्यांच्याकडे गोठा आहे. आमच्या घरात मोठ्या भावापुढे बाबा बोलत नाहीत, हे पुढच्या कलमांसाठी इथेच सांगून ठेवते.

दुकानातल्या माणसाची मुलगी गोल्फ कशी शिकली, हे लोक विचारतात. हिंगणघाटला बंद पडलेल्या एका गिरणीचे जुने गोल्फ मैदान आहे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हिरवळ टिकत नाही, म्हणून तिथे प्रत्येक भोकाभोवती वाळूचा गोल केलेला होता. वाळू उडू नये म्हणून तिच्यात जळके ऑइल मिसळत. अशा गोलाला ब्राऊन म्हणतात. ते ऑइल बाबांच्या दुकानातून जाई आणि डबे धरायला लुनावर मागे मी बसे. १९९४ साली, मी बारा वर्षांची असताना, मैदान सांभाळणाऱ्या मधुकररावांनी माझ्या हातात काठी दिली. ते गिरणीत विणकाम खात्यात मास्तर होते. बाबांना त्यांनी एवढेच म्हटले, "बंडूजी, पोरीचे हात स्थिर आहेत. डबे धरण्यात वाया घालवू नका." बाबा म्हणाले, "खेळू द्या जी. पण डबे कोन धरन?" त्यानंतर मी दोन्ही कामे केली.

कलम २. काठ्या आणि खेळाचे सामान. माझा पूर्ण संच, बॅग, बूट आणि हातमोजे सपनाला द्यावेत. बूट तिला मोठे होतात, पुढे कापूस घालावा.

सात नंबरची काठी यातून वगळली आहे. वीज पडली तेव्हा तीच माझ्या हातात होती. आईने ती देवघरात ठेवली आहे आणि तिला हळदकुंकू लावते. माझा विज्ञानाचा अभ्यास याला हसतो, पण ती काठी पुन्हा हातात घ्यायची माझी हिंमत होत नाही. तेव्हा हसण्याचा अधिकार मी सोडून देते. ती आईकडेच राहावी.

गायरानातला ब्राऊन मी आणि सपनाने वाळू वाहून बनवला. तो माझ्या मालकीचा नाही, जमीन ग्रामपंचायतीची आहे. तो मला कोणाला देता येत नाही. मात्र त्यावर म्हशी बांधू नयेत, ही विनंती आहे.

या खेळाने मला काय दिले, तेही इथे लिहिते, कारण ते विभागून देता येणार नाही. नागपूरला पहिल्यांदा खऱ्या हिरवळीवर उभी राहिले तेव्हा मी मोठी फजिती करून घेतली. ब्राऊनवर चेंडू ढकलण्याआधी पोत्याचा तुकडा ओढून भोकापर्यंतची वाट सारखी करायची असते. तो तिथला रिवाजच आहे, प्रत्येकाला सारखी केलेली वाट मिळते. मी तिथल्या माणसाला विचारले, "दादा, पोतं कुठं ठेवलं जी?" सोबतच्या मुली इतक्या हसल्या की एकीला खाली बसावे लागले. हिरवळीवर वाट कोणी सारखी करून देत नाही. चढउतार, ओलावा, गवताचा कल, सगळे आहे तसे घ्यावे लागते. मला ते शिकायला तीन वर्षे लागली. बी.एस्सी. होताहोता मी राज्यात खेळले. देशात स्त्रियांच्या व्यावसायिक स्पर्धा नव्यानेच सुरू झाल्या होत्या, २००६ साली मी त्यांत उतरले. पुण्याला माझा तिसरा क्रमांक आला. पहिला अजून आलेला नाही. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली आणि विमानात बसणारीही पहिली. या दोन्ही गोष्टी माझ्यानंतर सपनाच्या वाट्याला याव्यात.

कलम ३. वीज. हे मालमत्तेचे कलम नाही. पण हे कळल्याशिवाय पुढचे देणेघेणे कळणार नाही.

२००७ च्या सप्टेंबरात, तान्हा पोळा होऊन गेल्यावर, मी दुपारी गायरानात सराव करत होते. सपना चेंडू गोळा करत होती. आभाळ पूर्वेला काळे होते, आमच्या डोक्यावर ऊन होते. माझ्या हातावरचे केस उभे राहिले. मला वाटले, घाम वाळतो आहे. पुढचे मला आठवत नाही. सपना सांगते की पांढरे झाले, मग मी पडलेली दिसले आणि माझ्या बुटातून धूर निघत होता. ती ओरडत गावात पळाली. माणसे आली, पण हात कोणी लावेना. "आंगात करंट असते, शिवू नका!" मला लाकडाच्या फळीवर सरकवून मोठेबाबांच्या गोठ्यात नेले आणि ओल्या शेणाच्या खड्ड्यात गळ्यापर्यंत पुरले.

शुद्ध आली तेव्हा मला मान सोडून काही हलवता येत नव्हते. छातीवर इतके ओझे होते की श्वास अर्ध्यावरून परत येत होता. मला वाटले, मी मेले आहे आणि मातीत आहे. एका कानात शिट्टी वाजत होती. दुसऱ्यातून मोठेबाबांचा आवाज आला, "पाह्य, पाह्य, पापनी हालली! शेनानं करंट ओढून घेतला!" बाजूला लोक टाळ्या वाजवत होते. मला ओरडायचे होते की मला काढा, पण ओरडण्यापुरता श्वास नव्हता. विजेची मला जेवढी भीती वाटते, तेवढीच त्या ओझ्याची वाटते. आजही जाड गोधडी मी अंगावर घेऊ शकत नाही.

संध्याकाळी मला सावंगीला दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टर इंदिराबाईंनी मला समजावले. वीज अंगात साठून राहत नाही, त्या माणसाला लगेच हात लावता येतो. श्वास आणि हृदय थांबलेले असू शकते. माझे बहुतेक गोठ्यात पोहोचायच्या आधीच आपोआप सुरू झाले असावे. "सगळ्यांचं असं होत नाही, गुंजन. ज्यांचं होत नाही, त्यांची छाती त्याच क्षणी दाबायला लागते, तोंडाने श्वास द्यावा लागतो. शेणात घातलेला वेळ हा त्या माणसाचा वेळ असतो." त्यांनी मला छाती दाबायला शिकवले. मी गावी येऊन सांगू लागले. पण तोवर पेपरात छापून आले होते की शेणाने गोल्फपटूला तारले. ग्रामपंचायतीने सत्कार ठेवला. मी माईकवर सगळे नीट सांगितले. माझ्यानंतर मोठेबाबा उठले. "पोरगी शिकली हाय, तिले बोलू द्या. पन ती इथं उभी कशी हाय, ते तुमीच पाह्यजा." सभा हसली आणि त्यांना माझ्यापेक्षा मोठा हार घातला.

मी जिवंत आहे, हाच माझ्या म्हणण्याविरुद्धचा पुरावा आहे.

कलम ४. प्रमिलाबाई. आमच्या दुकानामागे प्रमिलाबाई राहत. निंदणाला जात. माझे हरवलेले चेंडू त्यांना सोयाबीनमध्ये सापडत, ते पदरात बांधून आणत आणि दारातून हाक मारत, "गुंजे, घे वं तुयी अंडी! कोंबडी कुठं हाय पन?" त्यांना खेळ कळत नव्हता, पण मी पुण्याला तिसरी आले तेव्हा त्यांनी गल्लीत साखर वाटली होती.

या वर्षी जूनमध्ये त्यांच्यावर वीज पडली. मी तेव्हा चेन्नईला खेळत होते. त्यांच्या सुनेने मला सांगितले की ओठ हलत होते. रस्त्यावर जीप उभी होती. कोणीतरी म्हणाले, "दवाखान्यात काऊन नेता? गोल्फवाल्या गुंजनले जिथं वाचवलं तिथंच न्या." माझे नाव घेऊन त्यांना मोठेबाबांच्या खड्ड्यात ठेवले. अंधार पडेपर्यंत ठेवले.

मी परत आले आणि मोठेबाबांकडे गेले. ते म्हणाले, "तिचं आयुष्य तेवढंच होतं. तुयं होतं म्हनून तू वाचली."

मी म्हटले, "मग शेणाचा काय संबंध?"

"शेन नसतं तं तूबी गेली असती."

"मग त्या का गेल्या?"

"सांगितलं ना वं, तिचं आयुष्य तेवढंच होतं."

मोठेबाबा खोटे बोलत नाहीत. ते मला वाचवल्याचे मनापासून मानतात. खड्डा त्यांनी ताज्या शेणाने भरून ठेवला आहे, पावसाळाभर ठेवतात. मी खेळायला निघाले की म्हणतात, "बिनधास्त जाजो, खड्डा तयार हाय."

कलम ५. मुख्य इच्छा. माझ्यावर, सपनावर किंवा गावातल्या कोणावरही वीज पडली तर त्या माणसाला शेणात पुरू नये. ताबडतोब हात लावावा. श्वास नसेल तर छाती दाबावी, तोंडाने श्वास द्यावा, एक थकला की दुसऱ्याने दाबावी आणि दाबतदाबतच गाडीतून दवाखान्यात न्यावे. हे करून मी वाचले नाही तर कोणाचा दोष मानू नये. शेणात ठेवून मी वाचले तरी तो उपाय मानू नये.

कलम ६. खोली आणि बचत. दुकानावरची खोली मी बक्षिसांतून बांधली. ती आणि पोस्टातली बचत सपनाची. ती सज्ञान होईपर्यंत आईने सांभाळावी. अट एकच. दरवर्षी मृगाच्या आधी या खोलीत एक दिवस गावाला छाती दाबायला शिकवावे. डॉक्टर इंदिराबाईंनी माणूस पाठवायचे कबूल केले आहे. आलेल्यांना चहा आणि आलुबोंडे द्यावेत, त्याशिवाय कोणी येणार नाही. हे एकही वर्ष चुकले तर खोली शाळेला जावी.

कलम ७. मोठेबाबा भैयाजी. पुण्याला बक्षीस मिळालेली चांदीची थाळी त्यांना द्यावी. ते ती आताही मागून नेतात आणि खड्डा पाहायला येणाऱ्यांना दाखवतात. थाळी त्यांनी आयुष्यभर वापरावी, फक्त खड्ड्याजवळ नेऊ नये. मला फळीवर घालून धावताना त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता आणि ते थांबले नाहीत. ते मी विसरलेली नाही. सत्कारातले त्यांचे वाक्यही विसरलेली नाही. दोन्हीचा हिशेब इथे बंद करते.

कलम ८. सपनासाठी. मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. मोठ्या मैदानांवर वीज जवळ आली की भोंगा वाजवतात. तो मला ऐकू येईल याची खात्री नाही. म्हणून सपना माझी बॅग उचलते आणि माझा कान होते. यातच माझी सगळी भीती आहे. मी तिला सोबत नेते म्हणून तीही उघड्यावर असते.

खेळाच्या नियमात आहे की विजेचा धोका वाटला तर खेळाडू स्वतः थांबू शकतो. मागच्या वर्षी दिल्लीकडे मी असाच खेळ थांबवून वाळूच्या खड्ड्यात बसले आणि सपनाला खाली ओढले. भिंतीपलीकडे लग्नाची वरात होती. सोबतची खेळाडू म्हणाली, "गुंजन, पटाखे हैं यार, बाहर आ जा." मी बाहेर आले, पण पुढचा चेंडू तळ्यात गेला. आता प्रत्येक फटक्याआधी मी वर बघते. सपना चिडवते, "ताई, ढगाले नमस्कार करून राह्यली का चेंडूले?"

मग खेळ सोडत का नाही, असे आई विचारते. मी सोडला तर गावातली प्रत्येक मुलगी शिकेल की वीज पडली की घरात बसायचे, आणि मोठेबाबांचा खड्डा तेवढा उरेल. मला घाबरत का होईना पण खेळताना त्यांनी पाहावे. सपनाने मात्र हे लक्षात ठेवावे. ढग गडगडला की काठ्या टाकायच्या, झाड सोडायचे, गाडीत किंवा पक्क्या घरात पळायचे. माझ्यासाठी थांबायचे नाही. बॅगसाठी तर मुळीच नाही.

कलम ९. व्यवस्था. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मधुकररावांनी करावी. साक्षीला मी बाबा आणि प्रभाकरराव यांना बोलावले आहे. साक्षीदाराच्या नावे मृत्युपत्रात काही न ठेवणे बरे, असे प्रभाकररावांनी सांगितले, म्हणून बाबांच्या नावे मी काही ठेवलेले नाही. बाबा म्हणाले, "मले काई नको. लिव."

वाचनानंतरची नोंद. वरील मजकूर मी आज सर्वांसमोर वाचला. मोठेबाबांना निरोप दिला होता, ते आले नाहीत. सगळी कलमे वाचून झाल्यावर बाबांनी सही करायला पेन घेतला, कलम पाचवर बोट टेकवले आणि पेन खाली ठेवला.

"गुंजन, म्या तुले सोताच्या डोयानं पाह्यलं. गेली होती तू. शेनातून परत आली. मंग म्या खोट्याची साक्ष कशी देऊ?"

मी म्हटले, "बाबा, सपनाचे हृदय आपोआप सुरू झाले नाही तर?"

त्यांनी सपनाकडे पाहिले. मग म्हणाले, "दाखव कुठं दाबाचं."

मी दुकानातून चिंध्यांचे पोते आणले आणि त्यावर दाखवले. त्यांनी दोन्ही तळहात ठेवले आणि दाबले. ट्रकचे नट सोडवणारे हात आहेत, पोते जमिनीला लागले. "हाड मोडलं तं?"

"मोडू द्या. हाड जुळते."

"अन् दादानं इचारलं तं? गोठ्यात न्या म्हटलं तं? म्या आजलोक दादाले नाई म्हटलं नाई."

"सांगजा, पोरीनं लिवून ठेवलं हाय."

ते पुन्हा दाबू लागले. कपाळावरून घाम पोत्यावर पडत होता. आई तोंडाला पदर लावून उभी होती. शेवटी ते म्हणाले, "बरं. आधी दाबीन. मंग गाडीत टाकीन. दादा लईच अडला तं शेन अखेरीस." शेण मला अखेरीसही मान्य नाही, हे मी इथे नमूद करते. क्रम मान्य आहे.

हा क्रम गावात बाबांच्या हाती ठेवून मी पुढच्या महिन्यात सपनाला घेऊन कोलकात्याला जात आहे. मला भीती वाटते. ती या कागदात मावली नाही, उरलेली सोबत नेते.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, वाचले आणि दोन्ही साक्षीदारांच्या नजरेसमोर सही केली.

ठिकाण : वडनेर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा
दिनांक : १२ जुलै २००९

(सही) गुंजन बंडूजी साटोणे

साक्षीदार :

१. (सही) प्रभाकरराव, वकील, हिंगणघाट. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली.

२. (सही) बंडूजी साटोणे, ऑइल दुकान, वडनेर. पोरीनं वाचून दाखोलं. आयकलं. आधी दाबीन.